‘सगळं बदलणंच ना?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, आभार. मागचा लेख ‘बदल’ सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या मुळांवर होता; त्यावर तुमचे आक्षेप दोन. चेंज, ऑल्टर, मॉडिफाय, कन्व्हर्ट या सगळ्यांना आपला साधा मराठी ‘बदलणे’ पुरतो, मग त्यांची मुळं उकरायची कशाला? आणि शब्दाचा अर्थ वापरावरून ठरतो, मुळावरून नाही.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. इंग्रजीतला ‘टर्न’ ग्रीक सुतारांच्या हत्याराच्या नावापासून लॅटिनमार्गे आला, पण रिक्षावाल्याला ‘राइट टर्न घ्या’ सांगताना लेथ कुणाला आठवत नाही, आठवायची गरजही नाही. मूळ अर्थ म्हणजेच खरा अर्थ, असं मी म्हणत नाही. माझ्या लेखातून तसं वाटलं असेल तर मांडणीत चूक झाली.

पहिला आक्षेप मात्र मान्य नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच ‘बदलणे’ या शब्दात आहे. ‘बदल’ मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला आणि पक्का मराठी झाला. अरबीत त्याचा अर्थ एकाच्या जागी दुसरं, मोबदला. म्हणून तर आपण ‘च्या बदल्यात’ म्हणतो, सूड उगवणं म्हणजे ‘बदला’ घेणं, आणि पावतीवर ‘भाड्याबद्दल मिळाले’ लिहितो तो ‘बद्दल’ही त्याच घरातला.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. सकाळच्या भोंग्याआधी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही, तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवसापुरतं काम मिळायचं. सगळे आले तर भरलेला डबा तसाच घरी. आई दारात पावलं ऐकूनच ओळखायची, आज बदली मिळाली नाही. त्या शब्दात सुधारणा नव्हती, रूपांतर नव्हतं. एक माणूस नाही म्हणून दुसरा, एवढंच. अरबीतला अर्थ गिरणगावात असा जसाच्या तसा जगत होता.

आता ‘चेंज’ बघा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. त्यामागे उत्तरकालीन लॅटिनमधला ‘कांबियारे’ आहे, म्हणजे अदलाबदल करणं, वस्तूला वस्तू देणं. त्याचंही मूळ बहुधा केल्टिक. ‘एक्स्चेंज’ त्याच कुळातला. सुट्या पैशांना इंग्रजीत चेंज म्हणतात, कारण मोठ्या नाण्याच्या बदल्यात ते हाती येतात. (आपण तीच गोष्ट वेगळ्या नजरेने बघतो: नोट मोडली की ‘मोड’ किंवा ‘सुटे’.) थोडक्यात, एकमेकांशी काही नातं नसलेले दोन शब्द, एक अरबी आणि एक युरोपातला, दोन्ही देवघेवीतून निघाले आणि ‘पूर्वीसारखं न राहणं’ या अर्थापर्यंत पोचले. मला हे फार विलक्षण वाटतं. मुळं उकरतो ती यासाठी.

आणि ही मुळं मुंबईच्या बोलण्यात अजून जिवंत आहेत. ‘दादरला गाडी बदल’ म्हटलं तर गाडीत काही फरक करायचा नसतो, वेस्टर्नची सोडून सेंट्रलची पकडायची असते. पँट कमरेत सैल झाली तर दुकानात ‘चेंज करून द्या’ म्हणतो, तेव्हा दुसरी पँट हवी असते. स्टेशनबाहेर मशीन घेऊन बसलेल्या टेलरकडे गेलो की ‘ऑल्टर करून द्या’. पँट तीच, फक्त टीप सरकते. हा फरक त्या टेलरला कुणी शिकवावा लागत नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणे दोन्हींना ‘बदलणे’ लावलं, तर गिऱ्हाईक नक्की काय मागतंय हे कळणार कसं?

‘कन्व्हर्ट’ची गोष्ट आणखी जवळची. त्यातला लॅटिन ‘वर्तेरे’, म्हणजे वळणं, आणि संस्कृत ‘वृत्’ हे एकाच आदिम धातूपासून आले. ‘परिवर्तन’ आणि ‘कन्व्हर्ट’ त्या अर्थाने भावंडं. बोलताना आपण मात्र दोन्ही टाळतो; गॅलरी खोलीत मिसळून टाकली, तरी ‘गॅलरी आत घेतली’ म्हणतो. ‘बिकम’मध्येही येणंच आहे, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ येऊन पोचणं. मुलगी ‘वयात येते’, झाड ‘फळाला येतं’, तसंच.

‘मॉडिफाय’च्या मुळाशी ‘मोदुस’ म्हणजे माप, आणि आधीचा अर्थ मापात ठेवणं, आवर घालणं. आज बाईक मॉडिफाय करणाऱ्याच्या मनात तो अर्थ नसतो. इथे तुमचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं.

‘ऑल्टर’बाबतही तुमचा मुद्दा पटला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘आल्तेर’ म्हणजे ‘दोहोंतला दुसरा’, आणि त्यावरून मी ‘ऑल्टर म्हणजे दुसरंच काही करणं’ असं लिहून बसलो होतो. टेलरच्या मशीनवर ते टिकत नाही. लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे: ‘ऑल्टर म्हणजे वस्तू तीच ठेवून तिच्यात फेरफार करणं.’