मिश्र लागवडीत प्रजातींची निवड

मिश्र लागवड, म्हणजे एकाच जागी अनेक प्रजातींची झाडे लावणे, एकाच प्रजातीच्या लागवडीपेक्षा नेहमीच अधिक वाढ देते, हे या विषयावरील एका लेखातील विधान मला थोडे सैल वाटते. चीनच्या च्यांग्शी प्रांतातील मोठ्या प्रयोगात आठ वर्षांनंतर १६ प्रजातींच्या मिश्रणात साठलेला कार्बन (म्हणजे वाढीचे एक माप) एकप्रजातीय लागवडींच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक होता; मात्र तेथेच वाढवलेल्या दोन व्यापारी प्रजातींच्या स्वतंत्र लागवडींनीही साधारण तेवढाच कार्बन साठवला होता. तुलना सरासरीशी करायची की सर्वोत्तम प्रजातीशी, यावर निष्कर्ष बदलतो, आणि लाकडासाठी झाडे लावणाऱ्याला दुसरी तुलनाच महत्त्वाची असते.

प्रजाती एकमेकींना पूरक असतील तरच मिश्रणाचा लाभ होतो. हवाईमध्ये निलगिरीच्या जोडीला नत्र स्थिर करणारी (हवेतील नत्र झाडांना वापरता येईल अशा रूपात आणणारी) शेंगवर्गीय झाडे लावल्यावर नत्राची उणीव असलेल्या जमिनीत एकूण वाढ सुधारली; पण जिथे नत्र मुळातच पुरेसे आहे, तिथे तेच झाड प्रकाश आणि पाण्यासाठी केवळ स्पर्धक ठरू शकते.

मिश्र लागवडीत कीड-दुष्काळाची जोखीम कमी असते, हे लेखातील मत मात्र पटते. २०१८ पासूनच्या दुष्काळात मध्य युरोपातील स्प्रूस या एकाच सूचिपर्णी झाडाची सलग जंगले सालकिड्यांनी (साल पोखरणाऱ्या किड्यांनी) वाळवून टाकली, हे अगदी अलीकडचेच उदाहरण आहे. तोडणीच्या अडचणीचा उल्लेख लेखात यायला हवा होता. वेगवेगळ्या वेगाने वाढणारी झाडे एकाआड एक लावली, तर मंद वाढणारी सावलीत दबतात आणि विरळणीचा (दाटीतील काही झाडे काढून टाकण्याचा) खर्च वाढतो. त्याऐवजी प्रत्येक प्रजातीचे छोटे गट करून लावणे व्यवहारात अधिक सोयीचे पडते.