ऑनलाइन एमबीबीएस: आमच्या बॅचचं म्हणणं

"कोविडमधले ऑनलाइन डॉक्टर" असं कुणी नाक मुरडून म्हणालं की मला राग येतो. मी २०१९ च्या बॅचची. एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आमच्यापासून लागू झाला. पहिल्या वर्षापासूनच पेशंटशी ओळख, हा त्यातला मोठा बदल. आणि मार्च २०२० मध्ये होस्टेल रिकामी करून आम्हाला घरी पाठवलं!

लेक्चर ऑनलाइन झाल्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. एम्ब्रियॉलॉजीत, म्हणजे गर्भाच्या वाढीच्या अभ्यासात, आतडं कसं फिरतं, हे दीडशे जणांच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर कुणाला कळतं? रेकॉर्डिंग मागेपुढे करून बघितलं तेव्हा ते डोक्यात शिरलं. कॉलेज उघडल्यावर ती रेकॉर्डिंग बंद करायला नको होती. अर्थात ज्यांच्या गावात रेंज नव्हती, घरात एकच स्मार्टफोन आणि भावाची शाळाही त्यावरच, त्यांना एवढंही मिळालं नाही.

खरं नुकसान वॉर्डातलं. स्प्लीन (प्लीहा) तपासताना बोटं पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून डाव्या बरगड्यांकडे न्यायची. पेशंटनं खोल श्वास घेतला की वाढलेल्या स्प्लीनची कड बोटांना येऊन लागते. व्हिडिओत फक्त सरांचा हात दिसतो. मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, हेडफोनवर स्वच्छ ऐकू येतो. वॉर्डात वर पंखा घरघरतो, शेजारच्या खाटेवर नेब्युलायझर चालू असतो, त्यातून तो शोधायचा. हिस्ट्रीचं, म्हणजे पेशंटकडून आजाराची माहिती काढून घेण्याचंही तेच. आजींना "ताप कधीपासून?" विचारलं की त्या सुनेच्या बाळंतपणापासून सुरुवात करतात. त्यांचं मन न दुखावता त्यांना तापावर आणायचं, हे झूमवर कसं शिकणार?

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मेडिसिनचे वॉर्ड कोविडचे झाले आणि आमची पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात शिकायची पाळी, पुन्हा मोबाइलवर आली. लॉगिन केलं की हजेरी. प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी कागदावर भरली, पोस्टिंग पूर्ण! शिक्षकांना मी दोष देणार नाही; पीपीई किटमधली ड्युटी संपवून ते आम्हाला शिकवायला बसायचे. पण २०२२ मध्ये एनएमसीनं (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं) परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांना बजावलं, की निव्वळ ऑनलाइन केलेला वैद्यकीय कोर्स चालणार नाही. मग आमच्या बुडालेल्या पोस्टिंग इंटर्नशिपआधी वॉर्डात भरून द्यायला नको होत्या का?

आता आमच्यातले बरेच जण रेसिडेंट, म्हणजे हॉस्पिटलात ड्युटी करत शिकणारे डॉक्टर, आहेत. सीनियर डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. रात्री फोन करून कुणी "सर, एकदा येऊन बघता का?" म्हणालं तर झापू नका. खाटेपाशी या आणि त्याचा हात धरून दाखवा.