बेंजो कुठला, ट्रॉम्बोन कुठला

ताईच्या डोंबिवलीच्या सोसायटीने यंदाच्या गणेशोत्सवासाठी एक सूचना काढली आहे. वर्गणी, पार्किंग, महाप्रसाद हे सगळं नेहमीचंच. पण सहावा मुद्दा वाचला आणि माझं डोकं फिरलं: उत्सवातल्या कार्यक्रमांत फक्त आपलीच वाद्यं वाजतील.

हा मुद्दा माझ्या भाच्यासाठी आहे. गेल्या वर्षी त्याने आणि त्याच्या मित्रांनी गिटार, ड्रम घेतले, वरातीत वाजवणाऱ्या बँडमधला एक ट्रम्पेटवाला आणि एक ट्रॉम्बोनवाला (पट्टी पुढेमागे सरकवून वाजवायचं लांब पितळी वाद्य) गाठला आणि मांडवात पाऊण तास स्वतः बांधलेली मराठी गाणी स्का नावाच्या जमैकन संगीताच्या ठेक्यावर वाजवली. दहाच्या आत आटोपलं, आवाज बेताचा होता, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार 'परकं' या शब्दाची आहे. परकं संगीत, परकी वाद्यं, परका ठेका. सूचनेखाली भावोजींचीही सही आहे, म्हणजे त्या पोराच्या बापाचीच.

मी फोन केला तर म्हणाले, "तू तिकडे बसून आम्हाला संस्कृती शिकवू नकोस." तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतो आहे.

मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो. एकोणीस वर्षं झाली. त्यातली सतरा वर्षं मला या गावाचं एक गाणंही माहीत नव्हतं. कारमध्ये नाट्यगीतं, घरात भावगीतं, रविवारी अभंग. दोन वर्षांपूर्वी फार गॉस्फर्ड स्ट्रीटवरच्या चॅरिटी शॉपमध्ये मुलीसाठी पुस्तकं बघताना एक सीडी हाती लागली. काळंपांढरं मुखपृष्ठ, वरून काढलेला फोटो, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघणारे सात जण. बँडचं नाव द स्पेशल्स. गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आपल्या गावची पोरं ही." 'आपल्या' हा शब्द त्यांनी माझ्यासकट वापरला होता, म्हणून मी ती सीडी घेतली.

पहिलंच गाणं सुरू झालं तेव्हा मी रिंग रोडवर होतो. सुरुवातीला ट्रॉम्बोन येतो, सावकाश, जरा लोळत, एखादा वयस्क माणूस पायऱ्या उतरत यावा तसा. मला कॉव्हेंट्री दिसलीच नाही. लालबागच्या आमच्या चाळीखालून जाणारी वरात दिसली. त्या ट्रॉम्बोनसाठी मी रिंग रोडला आणखी एक फेरी मारली.

स्काचा ठेका समजून घ्यायला मला महिना लागला. एक, दोन, तीन, चार असं मोजा. आपण आरतीला टाळी देतो ती आकड्यावर. स्कामध्ये गिटारचा आखूड, कापलेला फटका दोन आकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. खाली बास एकसारखा चालत राहतो आणि वर गिटार सतत जमिनीवरून पाय उचलत असते. म्हणून ऐकताना बसवत नाही. पन्नास वर्षांच्या आरत्यांनी माझा हात समेला बांधून ठेवलेला, तो त्या मधल्या जागेत पडायलाच तयार नव्हता. आणि एकदा पडला की सोडवत नाही.

हा ठेका जमैकाचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमध्ये अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूज आणि तिथलं मेंटो हे लोकसंगीत यांच्या मिश्रणातून तो तयार झाला. १९६२ साली जमैका स्वतंत्र झाली तेव्हा रस्त्यावर हेच संगीत होतं. तिथून कामासाठी इंग्लंडला आलेल्या लोकांबरोबर ते आलं, आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी कॉव्हेंट्रीच्या या पोरांनी त्यात पंक या बंडखोर रॉक संगीताची घाई आणि चीड मिसळली. टू टोन नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. तिचं चिन्ह काळे पांढरे चौकोन आणि सूटबूट घातलेला एक माणूस. ही सीडी म्हणजे त्यांचा १९७९ चा पहिला अल्बम, चौदा गाण्यांचा, निर्माता इंग्लिश गायक एल्व्हिस कॉस्टेलो.

भावोजी, आता 'आपल्या गावची पोरं' कोण ते ऐका. नेव्हिल स्टेपल आणि लिन्व्हल गोल्डिंग जमैकात जन्मलेले. ज्याने हा सगळा डाव मांडला तो जेरी डॅमर्स एका पाद्र्याचा मुलगा, जन्म १९५५ चा, आणि जन्मगाव उटी. आपली, निलगिरीतली उटी. पहिल्या गाण्यातला ट्रॉम्बोन पाहुण्या रिको रॉड्रिग्झचा: जन्म हवानाचा, वाढला किंग्स्टनला, शिकला तिथल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये. ही शाळा कॅथलिक जोगिणी चालवत. गरीब, अनाथ मुलांना तिथे बँडची वाद्यं शिकवत आणि जमैकाचे कितीतरी नामांकित वादक तिथूनच निघाले. हे वाचलं आणि मला गोवा आठवला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं नोटेशन आणि व्हायोलिन शिकली, पुढे मुंबईला आली, हॉटेलांत वाजवू लागली, तिथून हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या साथीला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होता. पडद्यावर त्या सुरांवर नाचत होते भगवानदादा. आज आपल्या प्रत्येक विसर्जन मिरवणुकीत जो माणूस हात अर्धे वर करून ठुमकत पुढे सरकतो, तो भगवानदादांचीच नक्कल करत असतो. ती मिरवणूक परकी म्हणायची?

आपल्या वाद्यांचंही सांगतो. आरतीची बाजाची पेटी १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये जन्मली. ती भारतीय संगीताला मानवत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षं तिला बंदी घातली होती. तेव्हाच्या शहाण्या माणसांनाही ती परकीच वाटली होती. आणि बेंजो! लालबाग-परळच्या पोराला बेंजो पार्टीशिवाय गणपती ठाऊक नाही. त्या बेंजोचा पूर्वज ताइशोगोतो, १९१२ च्या सुमाराला जपानमध्ये नागोया शहरात तयार झालेला. त्याला टाइपरायटरसारख्या कळा असतात, त्याच कळा आपल्या बेंजोला आहेत. तो इकडे आला, बुलबुलतरंग झाला, मग भोंग्याला जोडला गेला आणि गिरणगावाचा आवाज झाला. सोसायटीने यंदा बेंजो पार्टीला सुपारी दिली आहे, हे मला ताईने सांगितलं. सहाव्या मुद्द्यात बेंजो बसतो आणि ट्रॉम्बोन बसत नाही, हे कोणत्या पंचांगात पाहिलं?

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना गिरणी पुन्हा दिसली नाही. वडिलांनी भाजी विकली, मग एका दुकानात मोजणीचं काम धरलं. कॉव्हेंट्रीत नोकरीला आलो तेव्हा हे गाव मला श्रीमंत, निर्धास्त वाटलं होतं. या पोरांच्या मागे लागून वाचत गेलो तेव्हा कळलं की इथल्या कॅन्ली भागातल्या कारखान्यातलं ट्रायम्फ गाड्यांचं उत्पादन १९८० मध्येच थांबलं होतं आणि गावभर बेकारी पसरली होती. १९८१ च्या उन्हाळ्यात याच बँडचं 'घोस्ट टाउन' आलं, बंद पडत गेलेल्या गावाचं गाणं. इंग्लंडच्या शहराशहरांत दंगली पेटल्या होत्या आणि ते गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ते ऐकताना मला आमच्या चाळीच्या गॅलरीत दुपारी चार वाजता बसलेली माणसं दिसतात. दुपारी चारला घरी असणारे बाप. गिरणगावाने शाहीर दिले, अण्णाभाऊ, अमर शेख दिले. पण संपानंतरच्या त्या दुपारींवरचं माझं गाणं मला इथे सापडलं, इंग्रजीत, जमैकाच्या ठेक्यावर. याला मी काय करू?

इथे त्यांची आठवण जपली आहे, हेही मी त्या फोनवर भावोजींना ऐकवलं. वॉल्सग्रेव्ह रोडवर संगीताचं संग्रहालय आहे. २०२१ मध्ये हर्बर्ट गॅलरीत टू टोनवर मोठं प्रदर्शन भरलं होतं, आणि तेव्हा मी गेलो नाही याचं मला आज वाईट वाटतं. गावाचं मध्यवर्ती वाचनालय ज्या इमारतीत आहे तिथे पूर्वी टिफनीज नावाचा डान्स हॉल होता. १९८० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या यांच्या लाइव्ह रेकॉर्डची एक बाजू तिथेच ध्वनिमुद्रित झाली. बारा वर्षं मी मुलीला त्याच इमारतीत गोष्टीची पुस्तकं बदलायला नेतो आहे. आमच्या गिरण्यांच्या जागी काय उभं आहे ते डोंबिवलीकरांनी लोकलमधून उतरून एकदा बघावं.

त्यावर भावोजींनी एकच प्रश्न विचारला. "ऑगस्ट २०२४ ला तिकडे स्थलांतरितांविरुद्ध दंगली झाल्या तेव्हा तुमचं ते मिश्र संगीत कुठे होतं?"

मी विषय बदलला. उत्तर इथे देतो. त्या आठवड्यात मी मुलीला बसने एकटीला कुठे जाऊ दिलं नाही. कारमध्ये हाच अल्बम लागलेला असायचा. पाचवं गाणं वर्णद्वेषावरचं, बाकीच्यांपेक्षा संथ, जवळजवळ समजावणीच्या सुरातलं. सिग्नलला थांबलो की मी काच वर करून घ्यायचो. संगीताने माणसं सुधारतात असा माझा दावा नाही. याच बँडच्या कार्यक्रमांत नाझी सलाम ठोकणारी टोळकी घुसत. १९८० मध्ये गोल्डिंगला वर्णद्वेषी गुंडांनी मारलं. १९८१ मध्ये कॉव्हेंट्रीच्या बाजारपेठेत एका तरुण शीख विद्यार्थ्याचा खून झाला, त्यानंतर यांनी बट्सच्या मैदानावर वंशविद्वेषाविरुद्ध कार्यक्रम केला. तरी या बँडमधले काळे आणि गोरे एका मंचावर उभे राहत होते, आणि ज्या गावात १९३८ मध्येच पंजाबी कामगारांनी इंडियन वर्कर्स असोसिएशन स्थापन केली त्या गावात मी सतरा वर्षं खाली मान घालून काउन्सिल टॅक्स भरत होतो.

सहाव्या मुद्द्यावर माझा एवढा राग का, हे मला उशिरा कळलं.

मुलगी सहावीत होती तेव्हा शाळेने तिला ट्रॉम्बोन दिला. सरकत्या पट्टीच्या टोकापर्यंत तिचा हात पुरेना, तरी ती रोज वाजवायची. आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीत तिने विचारलं, "बाबा, आरतीला वाजवू?" ती सूर शोधून बसली होती, 'सुखकर्ता'चा पूर्ण चढउतार तिने बसवला होता. मी म्हणालो, "आरतीत हे चालत नाही, हे आपलं नव्हे." मंडळातल्या कोणी नाही, मी म्हणालो. ती त्या हॉलमध्ये खुर्चीखाली पेटी सारून बसली. नंतर तिने मंडळात ते वाद्य कधीच आणलं नाही, आणि हळूहळू ती स्वतःही येईनाशी झाली. मी त्याचा दोष इथल्या शाळेला, इथल्या मैत्रिणींना, इथल्या हवेला दिला. लोकांत सांगत फिरलो की इकडे मुलं हातची जातात.

तिच्यासाठी 'आपलं' म्हणजे लालबाग कधीच नव्हतं. ती कॉव्हेंट्रीतल्या बॉल हिलला वाढली. तिच्या वर्गात जमैकाचे, पंजाबचे, पोलंडचे नातू आहेत आणि ट्रॉम्बोन तिचा आहे, मला बेंजो होता तसाच. मी मात्र तिच्यापुढे अशी एक चाळ उभी करत होतो, जी माझ्या मागेही उरलेली नाही. कुंपण घातलं की आपण आत आहोत असं वाटतं, एवढंच मला हवं होतं. इथे मी कोणाच्या आत आहे हे मला ठाऊक नव्हतं.

या अल्बमने ती माझ्याशी पुन्हा बोलू लागली. कारमध्ये पहिलं गाणं लागलं आणि मागून आवाज आला, "हे मला वाजवता येईल." तिने एका आठवड्यात रिकोचा तो तुकडा बसवला. आता ती चौदा वर्षांची आहे, पट्टीला हात पुरतो. भाच्याने त्याच्या गाण्यांची रेकॉर्डिंग पाठवली आहेत आणि दोघं फोनवर तासन्तास काय बोलतात ते मला अर्धंच कळतं.

भावोजी, सप्टेंबरात आम्ही येतो आहोत. शाळा तिची गैरहजेरी मांडेल, दंडाची नोटीस पाठवील, मी भरीन. पाचव्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर वीस मिनिटं द्या. तुमचा मुलगा गिटार वाजवील, वरातीच्या बँडमधले ते दोघं असतील आणि माझी मुलगी त्यांच्या शेजारी उभी राहील. समितीत विचारा. नाही म्हणाले तर गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला वाजवू. ट्रॉम्बोनची पेटी लांब असते, विमानतळावर घ्यायला येताना मोठी गाडी आणा.