गॅस कमी झालाय म्हणे!

झालं, आज पुन्हा तेच! एसीचा मेकॅनिक आला, रिमोट दाबला, हवेसमोर हात धरला आणि निकाल दिला, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." प्रेशर मोजायचा गेज लावला नाही, फिल्टर उघडून पाहिला नाही. अरे, एसीतला गॅस म्हणजे काय स्कूटरमधलं पेट्रोल आहे, चालवलं की संपायला? बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, मग आधी गळती शोध ना! नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का बघ. नळ्यांच्या सांध्यावरच्या फ्लेअर नटवर, कॉइलच्या म्हणजे वेटोळ्या नळीच्या वळणांवर साबणाचा फेस लाव. गळती बुजव, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढ आणि मग आउटडोअरच्या, म्हणजे बाहेर टांगलेल्या डब्याच्या, पाटीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच गॅस वजनकाट्यावर तोलून भर. पण वजनकाटा आणतो कोण? अंदाजपंचे सोडायचा आणि हजारांत बिल फाडायचं. त्यात हल्लीच्या एसीतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकणारा. गळती तशीच ठेवून वरून भरत राहायचं म्हणजे कमाल झाली!

कॉइलवर बर्फ धरला की म्हणे गॅसच गेला. फिल्टर चोंदला तरी हवा अडते, कॉइल गोठते आणि बर्फच धरतो. मेट्रोची खोदकामं, टॉवरची सिमेंटधूळ असलेल्या या मुंबईत फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायलाच हवा. घरच्यांनाही तेवढं होत नाही? वर १८ वर लावून "थंड होत नाही" म्हणून बोंब!

आणि यांची ती 'सर्व्हिस'! जाळी धुतली, पुसली, सही द्या. ब्लोअरच्या पात्यांवर काळी बुरशी तशीच. ड्रेन पाइपात शेवाळ तसंच, मग पावसाळ्यात भिंतीवरून पाणी ओघळलं की पुन्हा फोन. वरळी-वर्सोव्याला खारी हवा आउटडोअरच्या फिन्स, म्हणजे पातळ पत्र्या, खाते, खाडी-नाल्याकाठच्या वायूने तांबं काळं पडून बारीक छिद्रं पडतात, तरी आउटडोअरला कुणी हात लावत नाही. लावलाच तर पाण्याचा जेट तिरका मारून फिन्स दुमडून ठेवतात. पाणी सरळ मारायचं असतं हो! कबुतरांनी मागे काड्या कोंबलेल्या असतात, त्याही तशाच.

मे महिन्यात बोलावलं तर चार-चार दिवस तारीख नाही, म्हणून फेब्रुवारीतच उरकायचं, हे कुणालाच सुचत नाही.

आउटडोअर साफ न होण्याचं खरं पाप मात्र त्या मेकॅनिक पोरांच्या माथी मारू नका. बिल्डर तो डबा खिडकीपासून हात पोचणार नाही अशा ठिकाणी टांगतो. बाराव्या मजल्यावर सेफ्टी बेल्ट नाही, दोर बांधायला हूक नाही आणि सोसायटी नोटीस काढते ती फक्त बाहेरून पाइप दिसू नयेत म्हणून!