‘कार्ड दाखवा, होल्टर मोफत न्या’ हा मेसेज पुढे पाठवू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आयुष्मान किंवा महात्मा फुले योजनेचं कार्ड असेल तर पाच लाखांपर्यंत हृदयाचं कुठलंही मशीन मोफत, होल्टर (दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवणारी डबी) घरपोच, डॉक्टरांनी लिहून दिलं तर ईसीजीचं घड्याळसुद्धा. पैसे मागणारं हॉस्पिटल लुबाडतंय असं समजा आणि खालच्या लिंकवर आधार नंबर भरा, असंही त्यात म्हटलंय. यात थोडं खरं आहे, बरंचसं खोटं. त्या खोट्याच्या भरवशावर माणसं तपासणी पुढे ढकलतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पाच लाख कुणाच्या खात्यात पडत नाहीत. एका कुटुंबाला वर्षभरात तेवढ्या रकमेपर्यंतचे उपचार मिळतात, इतकाच त्याचा अर्थ. उपचारांची पॅकेजं ठरलेली असतात, हॉस्पिटल मंजुरी घेतं आणि पैसे थेट त्यालाच मिळतात. त्यातून आपण मशीन विकत घेऊ शकत नाही.

आता होल्टर. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा. ठोके मधूनच चुकत असतील तर त्यात काहीच दिसत नाही, म्हणून छातीला इलेक्ट्रोड चिकटवून कमरेला डबी बांधतात, २४ किंवा ४८ तासांसाठी. हे काम दाखल न होता, ओपीडीत होतं, आणि ओपीडीचा खर्च आयुष्मान योजनेत बसत नाही. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस, एवढ्यातल्या तपासण्या-औषधं पॅकेजात धरतात. ‘चक्कर येते, बघूया’ म्हणून लावलेल्या होल्टरचे पैसे पेशंटच देतो.

माझा खरा राग इथे आहे. वाडीवरून एकदा डबी लावायला शहरात जा, ती काढायला पुन्हा जा, दोन्ही वेळचा रोजगार बुडवा. मे महिन्यात तर घामाने इलेक्ट्रोड सुटतात. माझ्या ओळखीतल्या एका काकींचे रात्री झोपेतच सुटले, रेकॉर्डिंग अर्धवट राहिलं आणि पुन्हा पैसे भरायला त्यांनी साफ नकार दिला. शिवाय महिन्यातून एकदा येणारी चक्कर नेमकी त्याच दिवशी येईल असंही नाही. पेसमेकरचा, म्हणजे ठोके नीट ठेवायला शरीरात बसवतात त्या यंत्राचा, खर्च योजना उचलते, पण तो लागणार हे ज्या तपासणीतून कळतं ती मात्र स्वतःच्या खिशातून करायची. सगळं मोफतच आहे असं एकदा लोकांना वाटलं की याबद्दल आवाज कोण उठवणार?

पेसमेकरबद्दल मेसेज बरोबर आहे. तो पॅकेजात आहे, अँजिओप्लास्टीही आहे. योजनेतलं हॉस्पिटल मंजूर पॅकेजवर वेगळे पैसे मागत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा, नाहीतर योजनेच्या १५५३८८ किंवा १४५५५ या हेल्पलाइनवर फोन करा. गप्प बसून पैसे भरू नका.

घड्याळ कुठल्याच पॅकेजात नाही. मुंबईला नोकरीला असलेली मुलं गावी आईबाबांना ते घेऊन देतात, त्यांना हे सांगायलाच हवं. काही घड्याळं अर्ध्या मिनिटाचा ईसीजी काढतात आणि ठोक्यांची एक विशिष्ट अनियमितता, एट्रियल फिब्रिलेशन, त्यात पकडली जाऊ शकते. हार्ट अटॅक त्यात कळत नाही. छातीत दाब येतोय, घाम फुटलाय आणि घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणतंय, तरी १०८ ला फोन लावा.

लिंक उघडूच नका. कार्डासाठी आरोग्यमित्र आहे, सरकारी आयुष्मान ॲप आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वेगळं वय वंदना कार्ड मिळतं. ओटीपी विचारणाऱ्या अनोळखी माणसाला यातलं काही करून देता येत नाही.

होल्टरचा खर्च टाळायचा असेल तर आधी सरकारी दवाखान्यात विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांना तो निर्णय लागू नव्हता, त्यामुळे तिथे नीट चौकशी करूनच जा. आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयात होल्टरची डबी आहे का, नसेल तर कधी येणार, हे पुढच्या ग्रामसभेत लेखी विचारा आणि ठरावाची प्रत रुग्ण कल्याण समितीकडे पाठवा.