पंचाहत्तर वर्षांचं कुलूप म्हणे!

"कोरोना लसीचे सगळे कागद सरकारनं 75 वर्षांसाठी सीलबंद केलेत. चाचण्या गुपचूप आपल्या बेळगावात झाल्या. मेलेल्यांचे आकडे फुगवून दाखवले. माहिती अधिकारात विचारा, एक कागद मिळणार नाही." वडगावच्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात हे तिघांनी टाकलं. त्यातले एक आमचे शेजारचे अण्णा. अण्णांशी कट्ट्यावर वाद घालायचा म्हणजे चहा गार होतो, म्हणून लिहूनच काढतो.

75 वर्षांची गोष्ट हवेतून आलेली नाही, पण ती आपलीही नाही. अमेरिकेत फायझरच्या लसीची कागदपत्रं मागायला काही डॉक्टर टेक्सासच्या कोर्टात गेले. तिथलं औषध खातं म्हणालं, महिन्याला 500 पानं देऊ. पानं होती साडेचार लाखांच्या घरात. भागाकार करा, 75 वर्षं येतात. जानेवारी 2022 मध्ये न्यायाधीशांनी महिन्याला 55,000 पानं द्यायचा हुकूम काढला. आणि फायझरनं भारतातला अर्ज फेब्रुवारी 2021 मध्येच मागं घेतला होता. अण्णा, आपण दोघांनी रांगेत उभं राहून घेतली ती कोव्हिशिल्ड.

आता गुपचूप चाचण्या. 2020 मध्ये कोव्हॅक्सिनची पहिल्या-दुसऱ्या टप्प्याची चाचणी देशात 12 ठिकाणी झाली, त्यात बेळगावचं एक हॉस्पिटल होतं, हे खरं. पण ही चाचणी सरकारी नोंदणीत ठिकाणांसकट होती आणि पेपरातही छापून आली होती. बेळगावातल्या नेहरूनगरचं आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं केंद्र मुळात पारंपरिक औषधांवर काम करणारं, कोरोनात तिथं स्वॅब तपासले. बोट ठेवायचंच असेल तर 3 जानेवारी 2021 वर ठेवा. त्या दिवशी कोव्हॅक्सिनला आणीबाणीची परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचा निकाल हातात नव्हता. 77.8 टक्के परिणामकारकतेचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला नोव्हेंबरात. सुईसाठी दंड आधी पुढं केला, कागद मागून आला. 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं लसीची सक्ती करता येणार नाही म्हटलं, सरकारचं धोरण अवाजवी ठरवलं नाही, आणि नियमानुसार द्यायची चाचण्यांची माहिती विनाविलंब लोकांसमोर ठेवा असंही सांगितलं.

आकडे फुगवले, हे मात्र वाचून मला राग आला.

माझ्या मावशीचे दीर निपाणीचे, म्हणजे कर्नाटकातलेच. मे 2021 मध्ये तिथं बेड मिळेना म्हणून त्यांना कोल्हापूरला नेलं. चौथ्या दिवशी गेले. फुफ्फुसं किती बाधित ते सांगणारा सीटी स्कॅनचा स्कोअर 25 पैकी 18, पण कागदावर कारण लिहिलं 'न्यूमोनिया'. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते, म्हणजे ते कर्नाटकच्या नोंदीत नाहीत. महाराष्ट्राच्या रोजच्या तक्त्यात तळाला 'इतर राज्ये/देश' अशी एक ओळ असायची. पण न्यूमोनियाच्या माणसाला त्या ओळीत तरी कोण घेणार? पुढं 50,000 रुपयांच्या सरकारी मदतीसाठी त्यांच्या पत्नी ते सगळे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून फिरल्या. इकडचं कार्यालय म्हणे तिकडं जा, तिकडचं म्हणे इकडं. ती पिशवी अजून कपाटावर आहे.

एका घरात हे असं. देशाचं बघा. 2020 मध्ये देशात सर्व कारणांनी मिळून 81 लाख मृत्यू नोंदले गेले, 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. म्हणजे 21 लाख जास्त. त्या वर्षाचे अधिकृत कोरोना मृत्यू साधारण 3 लाख 30 हजार. सगळे जास्तीचे मृत्यू कोरोनाचे नसतील, नोंदणीही सुधारत असते, पण फुगवण्याचा हा हिशेब नव्हे. आणि 2021 च्या या मृत्यूनोंदींचा सरकारी अहवाल बाहेर आला कधी? मे 2025 मध्ये. मे 2021 मध्ये आपल्याच राज्यात चामराजनगरला ऑक्सिजनअभावी माणसं गेली, तरी त्याच वर्षी जुलैत राज्यसभेत सांगितलं गेलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी कळवलेलं नाही. त्याआधी एप्रिलअखेर 300 वर शास्त्रज्ञांना आयसीएमआरकडचा तपासण्यांचा डेटा द्या म्हणून पंतप्रधानांना पत्र लिहावं लागलं होतं. दडवणं असं असतं अण्णा. तिजोरी लागत नाही. उशीर, रकाना आणि 'कळवलेलं नाही' एवढ्यावर भागतं.

राहिला माहिती अधिकार. कर्नाटकात अर्जाला 10 रुपये, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. कायद्यात भाषा इंग्रजी, हिंदी किंवा तिथली राजभाषा, म्हणजे आपल्याकडं कन्नड. मराठीत लिहून टाकला आणि उत्तर आलं नाही, असं झालेलं मी ऐकलंय. दुसरी चूक म्हणजे नावं आणि आजार विचारणं. ती खाजगी माहिती म्हणून नाकारतात. आपण फक्त एवढं विचारायचं: 2019, 2020 आणि 2021 मध्ये तालुक्यात महिन्यागणिक किती मृत्यू नोंदले गेले?

कन्नड मजकूर मी लिहून ठेवलाय, शंभर शब्दही झाले नाहीत. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डरही आणलीय. सही तेवढी तुमची, अण्णा.