नानांची गाडी आणि सगळ्यांचे हिशेब

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माझे वडील, नाना, गेल्यानंतरची पहिली. सकाळी त्यांच्या नावाची घागर भरली, दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला. हात धुवायच्या आत दाजी म्हणाले, "ते अंगणातलं भंगार काढा आता. अठरा-वीस हजार येतील."

भंगार! मारुती ८०० आहे ती, १९९६ सालची, एमएच-१९ पासिंग. घागरीवरचं पाणी हललंही नव्हतं हो, आणि तुम्ही लोखंडाचा भाव काढताय?

मी काही बोललो नाही, दाजी म्हणजे घरचे जावई. म्हणून इथे लिहितोय.

मे २००४. मुलगी बघायला औरंगाबादला निघालो होतो, तेव्हा तेच नाव होतं. चाळीसगाव सोडलं, कन्नडच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर रडत चढत होती आणि बरोबर मधल्या वळणावर बंद पडली. ऊन असं की बॉनेटवर भाकरी भाजावी. मी घामाघूम, नवा शर्ट पाठीला चिकटलेला. नाना शांतपणे उतरले, गळ्यातली दस्ती प्यायच्या पाण्यात भिजवली आणि इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर गुंडाळली. "पेट्रोलची वाफ झालीय, थंड होऊ दे," म्हणाले आणि दगडावर बसून तंबाखू मळायला लागले. वीस मिनिटांनी पहिल्या सेल्फला चालू! मुलीकडे पोचलो तेव्हा नानांचे दोन्ही हात काळे. सासरे अजून तेच सांगून हसतात.

आणि तीच मुलगी, म्हणजे आमची ही, आज दाजींच्या बाजूने. "जागा अडलीय, अडगळ ठेवल्यासारखं ठेवलंय." तुला आणायला हीच गाडी आली होती ना गं?

बरं, हिशेबही मांडतो, नाहीतर म्हणाल भावनेत वाहून गेला. पाच वर्षांचं पासिंग यंदा संपतंय. वीस वर्षांवरच्या गाडीला नूतनीकरणाची फी आता १०,००० आहे. २०२२ च्या एप्रिलआधी हेच ६०० रुपयांत व्हायचं! वर हरित कर, नवी नंबर प्लेट, बॅटरी, चार टायर. नानांच्या जागी माझं नाव लावायचा फॉर्म ३१ तीन महिन्यांत द्यायचा असतो. सहा महिने झाले, तो अजून ड्रॉवरमध्येच आहे. एजंट फोनवरच हसला. त्याचं हसणं मला जास्त लागलं.

एअरबॅग नाही, धूर करते, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिच्या जुन्या रबरी पायपांना मानवणार नाही. मान्य. पोरांना घेऊन मी हायवेला जाणार नाही, तेही मान्य. पण म्हणून आजच? आखाजीला?

खरं सांगू का, सहा महिन्यांत मी तिला एकदाही चालू केलेलं नाही. किल्ली खुंटीवर आहे. चारदा हातात घेतली आणि परत टांगली. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय हे मला परवा समजलं, तेही खारुताईचा पाठलाग करणाऱ्या पोरामुळे. दाजींवर चिडायचा मला कितपत अधिकार आहे, कोण जाणे.

संध्याकाळी आईला विचारलं. ती गाडीची काच पुसत होती, रोज पुसते. वर न बघता म्हणाली, "इकनी व्हई ते इकी टाक, पन मन्हा डोयामोरे तोडू नको." म्हणजे विकायची तर विक, पण माझ्या डोळ्यांसमोर तोडू नको.

आत्ता डॅशबोर्डचा कप्पा उघडला. विम्याचे जुने कागद, चुन्याची डबी, आणि तळाशी एक घट्ट वाळलेली दस्ती. तीच असेल असं नाही. नानांकडे डझनभर होत्या.

अमळनेरात कार्बोरेटरचं काम करणारा जुना मेकॅनिक कोणी माहीत असेल तर सांगा. उद्याच बोलावतो.